परीक्षण त्यांचे, जबाबदारी आपली!

- विशेष प्रतिनिधी

इंटरनेटवर 'सर्वोत्तम व्हीपीएन कोणते' असा शोध घेतला, की क्षणार्धात दहा-पंधरा कंपन्यांची क्रमवार यादी समोर येते. प्रत्येक नावापुढे तारे, दहापैकी गुण आणि शेजारीच भरघोस सवलतीचे बटण असते. 'कोणत्याही नोंदी ठेवल्या जात नाहीत', 'भारतात पूर्णपणे कायदेशीर' अशी ग्वाहीही दिलेली असते. फ्रीज घेण्यापूर्वी चार दुकाने पालथी घालणारा ग्राहक ही यादी पाहून दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरून मोकळा होतो. फ्रीज बिघडला, तर ते लगेच कळते. व्हीपीएन कंपनीने आपली माहिती साठवली किंवा अन्य कोणाला दिली, तर ते बहुधा कळतच नाही; कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे अशा परीक्षणांवर कितपत विसंबावे आणि त्यांच्या भरवशावर केलेल्या कृतीची कायदेशीर जबाबदारी कोणाची, हे समजून घेणे आवश्यक आहे.

विश्वासाची जागा बदलते

'व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क' म्हणजेच व्हीपीएन. बँका आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना घरून कार्यालयाच्या यंत्रणेशी सुरक्षितपणे जोडण्यासाठी त्याचा वापर करतात. व्यक्तिगत वापराच्या व्हीपीएनमध्ये ग्राहकाच्या संगणकापासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची सर्व माहिती सांकेतिक स्वरूपात जाते. त्यामुळे ग्राहक कोणती संकेतस्थळे पाहतो, हे इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीला दिसत नाही आणि त्या संकेतस्थळांना ग्राहकाचा मूळ आयपी पत्ता दिसत नाही. मात्र, पूर्वी जे इंटरनेट कंपनीला दिसत होते, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. थोडक्यात, विश्वास ठेवण्याची जागा तेवढी बदलते.

परीक्षणाची मर्यादा नेमकी येथेच आहे. वेग, किंमत, ॲप वापरण्यातील सुलभता, ग्राहक सेवा या गोष्टी परीक्षक स्वतः तपासू शकतो. कंपनीच्या सर्व्हरवर कोणत्या नोंदी राहतात, हे त्याला बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यावर तो बहुतेक वेळा कंपनीचेच म्हणणे पुन्हा मांडत असतो.

परीक्षणामागचे अर्थकारण

अशी परीक्षणे वाचकाला विनामूल्य मिळतात. पण त्यांचा खर्च कोणी तरी भरतच असते. परीक्षणातील दुव्यावरून ग्राहकाने खरेदी केली, की परीक्षण प्रसिद्ध करणाऱ्याला कमिशन मिळते, अशी ही पद्धत आहे. ती बेकायदा नाही. परंतु जी कंपनी कमिशन देते, तिला यादीत वरचे स्थान देण्याचा मोह त्यातून निर्माण होतो. स्वीडनमधील मुलव्हॅडसारखी एखादी कंपनी असे कमिशन देत नाही. अशा कंपनीची शिफारस करून परीक्षकाला काहीच मिळत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

कमिशनच्या पलीकडे मालकीचा प्रश्न आहे. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने सायबरघोस्ट २०१७ मध्ये, झेनमेट २०१८ मध्ये आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस २०१९ मध्ये विकत घेतले. २०२१ मध्ये तिने एक्स्प्रेसव्हीपीएन ९३ कोटी ६० लाख डॉलरना खरेदी केले. त्याच वर्षी तिने व्हीपीएनमेंटॉर आणि विझकेस ही परीक्षणांची संकेतस्थळे चालवणारी वेबसेलेनीज ही कंपनीही ताब्यात घेतली. म्हणजे स्पर्धक आणि पंच एकाच छताखाली आले. 'पीसी मॅगझिन'चा मालक असलेल्या झिफ डेव्हिस समूहाकडेही आयपीव्हॅनिश हे व्हीपीएन आले. अशा मालकीमुळे प्रत्येक परीक्षण खोटे ठरत नाही. पण हा संबंध वाचकाला ठाऊक असणे, हा त्याचा हक्क आहे.

'नोंदी नाहीत' म्हणजे काय?

'नोंदी ठेवत नाही' या आश्वासनाचा कस चौकशीच्या वेळीच लागतो. आयपीव्हॅनिश ही कंपनी असे आश्वासन देत असे. २०१६ मधील एका गुन्ह्याच्या तपासात तिने अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याला ग्राहकाच्या नोंदी पुरवल्याचे २०१८ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. दरम्यान ती अन्य मालकाकडे गेली होती. अमेरिकेतीलच २०१७ च्या एका प्रकरणात प्युअरव्हीपीएनच्या नोंदींमुळे एफबीआयला आरोपीपर्यंत पोहोचता आले. ग्राहक काय पाहतो याची नोंद ठेवत नसल्याचे ही कंपनी सांगत होती. मात्र जोडणीच्या वेळेची नोंद होते, असा उल्लेख तिच्या सविस्तर धोरणात होता. परीक्षणात पहिले वाक्य येते, दुसरे राहून जाते.

गुन्हेगार पकडला गेला याबद्दल कोणीही हळहळणार नाही. परंतु आश्वासन आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर निरपराध ग्राहकालाही भोवते. जुलै २०२० मध्ये यूएफओ व्हीपीएनसह हाँगकाँगशी संबंधित सात व्हीपीएन सेवांचा सुमारे १.२ टेराबाइट माहितीसाठा इंटरनेटवर उघडा पडल्याचे आढळले. 'नोंदी नाहीत' असे सांगणाऱ्या या सेवांच्या साठ्यात आयपी पत्ते आणि पासवर्डसुद्धा होते. याउलट, एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलिस झडतीचे वॉरंट घेऊन मुलव्हॅडच्या गोथेनबर्ग येथील कार्यालयात गेले, तेव्हा ग्राहकांची माहिती मुळात साठवलेलीच नसल्याने त्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागले. असा एक प्रसंग शंभर ताऱ्यांपेक्षा अधिक बोलका असतो.

भारतातील बदललेली स्थिती

भारतात व्हीपीएन वापरण्यास सरसकट बंदी नाही. तथापि, 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब (६) अन्वये निर्देश जारी केले. त्यानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते, सेवा घेण्याचा उद्देश आदी तपशील ठेवणे आणि ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही तो किमान पाच वर्षे जपणे बंधनकारक झाले. मुदतवाढीनंतर ही तरतूद २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वापरतात ते व्हीपीएन यातून वगळण्यात आले.

त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आदी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर बंद केले. एक्स्प्रेसव्हीपीएनने 'भारत' हा पर्याय कायम ठेवला. मात्र त्यामागचे प्रत्यक्ष सर्व्हर सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये नेले. भारतातील ग्राहकांना सेवा देणाऱ्यांना हे निर्देश लागू आहेत, मग त्यांचे कार्यालय येथे असो वा नसो, अशी सरकारची भूमिका आहे. त्यामुळे २०२२ पूर्वी लिहिलेले आणि केवळ शीर्षकातील वर्ष बदललेले परीक्षण भारतीय ग्राहकाची दिशाभूल करू शकते.

'भारतात कायदेशीर' हे विधानही सर्वकाळ आणि सर्वत्र खरे नसते. जम्मू-काश्मीरमध्ये डोडासह काही जिल्ह्यांच्या प्रशासनाने २०२५ मध्ये व्हीपीएनच्या वापरावर तात्पुरती बंदी घातली होती. परदेशात तर अधिक काळजी हवी. मुंबई-कोकणातून नोकरीनिमित्त अनेक जण संयुक्त अरब अमिरातीत जातात. तेथील २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यान्वये गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास कारावास, तसेच ५ लाख ते २० लाख दिरहॅम दंडाची तरतूद आहे. 'दुबईतही उत्तम चालते' असे परीक्षणात लिहिलेले असते, ते तंत्राबाबत, कायद्याबाबत नव्हे.

परीक्षणकर्त्याची जबाबदारी किती?

परीक्षणातील मत आणि वस्तुस्थितीचे विधान यांत फरक आहे. 'आम्हाला ही सेवा आवडली' हे मत झाले. 'ही कंपनी नोंदी ठेवत नाही' हे विधान झाले आणि ते खोटे ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते; विनामूल्य सेवा त्यात येत नाही. वाचकाने परीक्षकाला एक पैसाही दिलेला नसल्याने 'सेवेत त्रुटी' असा दावा परीक्षकाविरुद्ध टिकणे कठीण आहे. मात्र, पैसे घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात ठरू शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरातदार कंपनीला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा चूक केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. शिफारशीपूर्वी योग्य ती खातरजमा केल्याचे दाखवून दिल्यास शिफारस करणाऱ्याला दंड होत नाही. प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीशी असलेले आर्थिक संबंध जाहीर करणे आवश्यक आहे. भारतीय मानक ब्युरोने त्याच वर्षी ऑनलाइन परीक्षणांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले. पण ते ऐच्छिक स्वरूपात.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा याविषयीचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. बनावट परीक्षणांबरोबरच, स्वतःच्या ताब्यातील परीक्षण संकेतस्थळ 'स्वतंत्र' असल्याचे भासवण्यासही त्याने मनाई केली. खुद्द व्हीपीएनच्या जाहिरातीबद्दलही शिक्षा झाली आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याचे आश्वासन देणाऱ्या 'ओनाव्हो प्रोटेक्ट' या व्हीपीएन ॲपमधून जमा झालेली माहिती फेसबुकच्या व्यावसायिक कामासाठी वापरली गेली. त्याबद्दल ऑस्ट्रेलियातील संघीय न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये मेटाच्या दोन उपकंपन्यांना एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

ग्राहकाची बाजू

भारतीय ग्राहकाला राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगात व्हीपीएन कंपनीविरुद्ध तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण कंपनी पनामात वा ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेली असेल, तर आदेशाची अंमलबजावणी करून घेणे सोपे नाही. दुसरीकडे, ग्राहकाच्या हातून कायदेभंग झाला, तर 'परीक्षणात कायदेशीर म्हटले होते' हा बचाव उपयोगी पडत नाही. वस्तुस्थितीबाबतच्या गैरसमजाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ व १७ मध्ये काही संरक्षण आहे. कायद्याबाबतच्या गैरसमजाला नाही. कार्यालयाची किंवा अशिलांची गोपनीय माहिती अशा सेवेतून पाठवणाऱ्यांवर तर मालकाशी आणि अशिलाशी केलेल्या कराराचे दायित्वही येते. 'पाच तारे होते' हे उत्तर तेथे पुरेसे ठरत नाही.

परीक्षण कसे वाचावे?

* परीक्षण प्रसिद्ध करणाऱ्याची मालकी आणि कमिशनचा उल्लेख शोधावा. तो तळाशी बारीक अक्षरांत असतो.

* 'नोंदी नाहीत' या दाव्याला त्रयस्थ लेखापरीक्षणाचा किंवा न्यायालयीन प्रकरणाचा आधार आहे का, हे पाहावे. लेखापरीक्षण कोणत्या महिन्यातील आणि कोणत्या बाबींपुरते होते, हेही तपासावे.

* कंपनीचे गोपनीयता धोरण स्वतः वाचावे. जोडणीची वेळ आणि मूळ आयपी पत्ता यांविषयी त्यात काय म्हटले आहे, ते महत्त्वाचे.

* परीक्षणातील कायदेविषयक वाक्य हा कायदेशीर सल्ला समजू नये. प्रवासापूर्वी त्या देशाचा नियम स्वतंत्रपणे पाहावा.

* सुरुवातीला एका महिन्याचेच पैसे भरावेत. खरेदीच्या वेळचे परीक्षण, जाहिरात आणि पावती जपून ठेवावी. पुढे तक्रारीची वेळ आली, तर पुरावा म्हणून तेच कामी येते.

परीक्षणे निरुपयोगी नाहीत. वेग आणि किंमत यांची तुलना करण्यास ती नक्कीच साह्यभूत ठरतात. गोपनीयता आणि कायदेशीरपणा या दोन बाबींचा निवाडा मात्र ताऱ्यांवर सोपवता येणार नाही. तो ग्राहकाने कागदपत्रे वाचून स्वतःच करायचा आहे.