झरीचा थांबा

नाताळच्या सुट्टीत दोन घरांची मिळून नऊ माणसं आम्ही भिवंडीहून भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरने निघालो. मागच्या सीटवर दादींसाठी गादी, सोबत पाण्याचे कॅन, चटया, खिम्याचा डबा आणि थर्मासमध्ये चहा. एका दिवसापुरतं फिरतं घरच म्हणा! गाडी रात्री आठपर्यंत ठरवली होती. फज्रनंतर वाडा-मनोरमार्गे अहमदाबाद महामार्गाला लागलो.

पहिला थांबा डहाणू तालुक्यातलं गंजाड. वारली चित्रकला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच गावचे. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते वारले. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रं मुलींनी वहीत उतरवून घेतली. लग्नघरात सुवासिनी भिंतीवर 'चौक' रेखतात. तो काढल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नसे, हे ऐकून दादी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या मेंदीसारखंच की!"

तिथून पुन्हा महामार्गाने तलासरी आणि पुढे झरी. गाडी थांबली तशी धाकट्याने विचारलं, "अब्बा, इथे पाहायचं काय?"

खरंच, इथे ना किल्ला, ना धबधबा. झाडाखाली चटई टाकली, दस्तरखान मांडलं आणि जेवता जेवता गोष्ट सांगितली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. जमीन सावकार-जमीनदारांची आणि राबणारे वारली. बोलावलं की फुकट कामाला जायचं, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी थोडे पैसे उचलले की नवरा-बायको दोघंही सावकाराचे गडी. नावच पडलं 'लग्नगडी'. कर्ज फिटत नसे आणि सुटकाही होत नसे.

मोठी मुलगी घास हातात धरून थांबली. "सकाळी पाहिलेला चौक ज्यांच्या लग्नात काढला, तेच?"

हो, तेच. 23 मे 1945 रोजी झरीत सुमारे पाच हजार आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर या किसान सभेच्या कार्यकर्त्यांनी ही सभा बोलावली होती. वेठ करायची नाही आणि दिवसाला रोख बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. तरी वेठ मोडली ती मोडलीच. गोदावरीबाईंनी हे सारं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. घरात ठेवावं असं पुस्तक आहे.

जोहर अदा करून बोर्डीकडे निघालो. वाटेत घोलवडचे चिकू घेतले. या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बोर्डीच्या सुरूच्या बनाजवळून मुलांना बारडाचा डोंगर दाखवला. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी याच डोंगरातल्या गुंफांमध्ये जपला, असं त्यांची परंपरा सांगते. संजाण घेणारी फौज गुजरातच्या सुलतानाची होती, हेही मुलांपासून लपवलं नाही. इतिहास आपल्या सोयीने अर्धा सांगू नये.

ठरल्याप्रमाणे साडेचारला परत फिरायचं होतं. पण मुलांना सूर्यास्त पाहायचा होता. "चाचा, थांबू या ना थोडं?" आम्ही सहज म्हणालो. ते म्हणाले, "थांबू की." तेवढ्यात मोठीने हळूच विचारलं, "अब्बा, चाचांना या जास्तीच्या वेळेचे पैसे मिळणार का?"

आम्ही गप्प झालो. दुपारी वेठीची गोष्ट आम्हीच सांगितली होती. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हा हदीसही वर्गात दरवर्षी शिकवतो. मग चाचांना जवळ बसवून चहा दिला आणि जास्तीच्या दोन तासांचे किती, ते विचारलं. ते संकोचले, "राहू द्या, मास्तर." आम्ही राहू दिलं नाही. आकडा ठरला, पैसे हातात दिले, मगच निवांतपणे सूर्य बुडताना पाहिला. मगरिब तिथेच वाळूवर झाली.

आपणही सुट्टीत सहलीला जाल. समुद्र, बाग जरूर पाहा. पण वाटेत झरीसारखा एखादा थांबाही घ्या. तिथे पाहण्यासारखं काही नसेल, पण मुलं काय विचारतील ते लक्ष देऊन ऐका. आमचा धाकटा घरी आल्यावर अम्मीला विचारत होता, "भांडी घासायला येणाऱ्या खाला ईदच्या दिवशी आल्या, तर त्यांना जास्त पैसे देतो ना आपण?"