भिंतीचं वय

सकाळी साडेसात. रोमच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून ओस्तियाची लोकल. पिशवीत मोजपट्टी, टॉर्च, वही.

साडेआठ. ओस्तिया आंतिकाचं फाटक उघडतं. १९४२ च्या नियोजित जागतिक प्रदर्शनासाठी ग्विदो काल्त्सा यांच्या देखरेखीखाली १९३८ पासून इथे शहराचा फार मोठा भाग मोकळा केला गेला. त्या घाईत मातीचे थर उपसले गेले, नोंदी तोकड्या राहिल्या. माती गेली, आता वय भिंतीलाच विचारायचं.

नऊ ते बारा मोजणी. आधी विसाव्या शतकातली डागडुजी ओळखून बाजूला काढायची, नाहीतर सगळे आकडे फसतात. मग विटांचे पाच थर आणि त्यांच्या दरजा मिळून उंची किती, ते ठिकठिकाणी मोजायचं. भिंत अखंड विटांची वाटते, पण विटा दर्शनीच, पोटात काँक्रीट. साधारण २० सेंटिमीटरची चौरस वीट कर्णावर कापून तिचा त्रिकोण करायचे आणि टोक आत रुतवायचे. आज एका फुटक्या कोपऱ्यात ते टोक उघडं दिसलं, चुना अजून घट्ट धरून असलेलं. मी बराच वेळ तिथेच रेंगाळले.

विटा आणि दरजांवरून काळ ठरवण्याची वाट एस्थर व्हॅन डेमन यांनी घालून दिली. १९०७ साली वेस्टल कुमारिकांच्या वास्तूत एक बुजवलेलं दार पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की तिथल्या विटा मूळ भिंतीच्या नाहीत. त्या नजरेचं ऋण आम्हा सगळ्यांवर आहे.

एक वाजता सावलीत जेवण.

अडीच. विटांवरचे शिक्के. तिरपा उजेड टाकला की पुसट अक्षरं वर येतात: पेतिनस आणि अप्रोनियानस, म्हणजे इ.स. १२३ चे कॉन्सल.

पाच. विद्यार्थिनी आनंदून विचारते, "मॅडम, म्हणजे भिंत १२३ ची?"

"नाही गं. वीट वखारीत पडून असेल, जुन्या बांधकामातून काढलेलीही असेल. भिंत १२३ च्या आधीची नाही, एवढंच."

रात्री नऊ. निधीचा अर्ज लवकर उरकते. शोधनिबंधाच्या परीक्षकांना नेमकं वर्ष हवंय, त्यांना उत्तर लिहायला बसते. भिंत इ.स. १२३ किंवा त्यानंतरची. लगतचा जिना तिच्यात सांधलेला नाही, नुसता टेकवलाय, म्हणून तो तिच्यानंतरचा. वर्ष देणार नाही, क्रम देईन, आणि सोबत सांध्याचा फोटो.