पोलादी कवचाखालील पॅडेड शॉर्ट्स : निवडीचा विचार

प्रस्तावना

मध्ययुगीन युरोपातील टूर्नामेंटच्या धर्तीवर पोलादी कवच घालून खेळल्या जाणाऱ्या आधुनिक सांघिक लढतींना ‘बुहुर्त’ असे म्हणतात. युक्रेनमधील खोतिन किल्ल्यात ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ ही स्पर्धा प्रथम भरली आणि या खेळाला आंतरराष्ट्रीय स्वरूप येऊ लागले. शस्त्रे बोथट असली तरी पोलादाची असतात. भोसकण्यास मनाई असते, घाव घालण्यास नसते. सांघिक लढतीत जो जमिनीवर पडला तो त्या फेरीतून बाद होतो. साहजिकच ढकलणे, पाय अडकवणे व खाली पाडणे हे प्रमुख डाव ठरतात. खेळाडूच्या वजनात कवचाचे साधारण २५ ते ३० किलो मिळवले असता हे पडणे किती जड असते याची कल्पना येते. शिरस्त्राणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. कटिप्रदेश मात्र उपेक्षित राहतो.

पोलाद जेथे संपते

मांडीचे कवच सामान्यतः पुढील व बाहेरील बाजू झाकते. नितंब, माकडहाड आणि मांडीचा मागील भाग बहुधा उघडाच राहतो. खुब्यावर लोंबणाऱ्या पट्ट्या येतात, परंतु पडताना त्या सरकतात. पॅडेड शॉर्ट्सचे खरे कार्य येथे आहे. पोलादाखाली, घाव पसरविण्याचे काम पोलादच करीत असल्याने, पातळ अस्तर पुष्कळदा पुरते. माकडहाड व खुबा यांवर मात्र जाडी हवी. सर्वत्र सारखीच जाड गादी असलेली विजार ही म्हणूनच चुकीची निवड होय.

जाडीची किंमत

नवख्या खेळाडूस जाड गादी अधिक सुरक्षित वाटते. येथे साधे भूमितीय गणित आड येते. मांडीभोवती १५ मिलिमीटर थर चढविल्यास घेर सुमारे ९४ मिलिमीटरने वाढतो. अंगाबरोबर घडविलेले कवच एवढी वाढ सामावून घेत नाही. पट्टे ताणले जातात, पत्रा बाहेर सरकतो आणि गुडघ्याचा सांधा आपल्या जागेवरून हलतो. म्हणजे एक जागा वाचविताना दुसरी उघडी पडते. ५ मिलिमीटर थराने हाच घेर सुमारे ३१ मिलिमीटर वाढतो. आइस हॉकीच्या फुगीर विजारी याच कारणाने निरुपयोगी ठरतात. स्नोबोर्डिंग वा मोटरसायकलसाठीच्या अंगालगत बसणाऱ्या शॉर्ट्स अधिक सोयीच्या. आधुनिक साहित्य बाहेरून दिसू नये हा या खेळातील संकेतही त्यामुळे पाळला जातो.

द्रव्य आणि प्रमाणन

बंद छिद्रांचा ईव्हीए फोम हलका व स्वस्त असतो, पण वारंवार दबून तो कायमचा चपटा होतो. आघाताच्या क्षणी घट्ट होणारी व्हिस्को-इलॅस्टिक द्रव्ये कमी जाडीत अधिक काम देतात. मात्र उष्णतेने ती मऊ पडतात, आणि कवचाच्या आत उष्णता असतेच. मोटरसायकलस्वारांच्या संरक्षकांसाठी असलेल्या ईएन १६२१-१ या युरोपीय मानकात ५० ज्यूलचा आघात देऊन पलीकडे पोहोचणारे बल मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत पहिली पातळी, २० पर्यंत दुसरी. ४० अंश सेल्सिअसवरील ऐच्छिक चाचणी उत्तीर्ण झालेल्या संरक्षकावर ‘टी+’ अशी खूण असते. ती येथे विशेष महत्त्वाची. अर्थात हे मानक रस्त्यावरील अपघातासाठी आहे, कुऱ्हाडीच्या घावासाठी नव्हे, हे विसरून चालत नाही.

अंगाला बसणे

कवचाखालच्या वस्त्राचा विचार नवा नाही. हेस्टिंग्ज हस्तलिखितातील पंधराव्या शतकाच्या इंग्रजी टिपणात पायाचे कवच घासू नये म्हणून गुडघ्यांभोवती पातळ घोंगडीचे तुकडे बांधण्यास सांगितले आहे. तेव्हाही पातळपणालाच महत्त्व होते. आज पायाच्या कवचाचा भार पुष्कळदा कमरपट्ट्यावर पेलला जातो; त्याखाली शॉर्ट्सची जाड शिवण आली तर कटीच्या हाडावर काही मिनिटांतच वळ उठतो. कवचकाराकडे माप देताना शॉर्ट्स अंगात असाव्यात. जुने कवच असल्यास ते चढवून पूर्ण बैठक मारावी, गुडघा छातीकडे ओढावा आणि मऊ गादीवर कुशीवर पडून पाहावे. पॅड खुब्यावरून सरकला तर माप चुकले आहे. जननेंद्रियासाठी कठीण कप वेगळा घालावाच लागतो. पॅड काढता येणारे असावेत, म्हणजे कापड धुता येते आणि चपटा झालेला फोम तेवढाच बदलता येतो.