चाळीस रुपयांचे पाणी

तुमच्यापैकी पुष्कळ जण कधी ना कधी महाडला गेले असतील. कोणाची फुफी तिथे राहते, कोणाचे मामू तिथल्या बाजारात दुकान चालवतात. या महाड गावात एक मोठे तळे आहे. त्याचे नाव चवदार तळे.

मार्च १९२७ मध्ये महाडला एक परिषद भरली. तिला हजारो माणसे आली. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवे होते. तळे जवळच होते आणि भरलेले होते. तरीही परिषद भरवणाऱ्यांनी चाळीस रुपये मोजून पाणी विकत घेतले. त्या काळी चाळीस रुपये ही लहान रक्कम नव्हती.

असे का करावे लागले? कारण परिषदेला आलेली माणसे अस्पृश्य मानली जात होती. त्यांनी तळ्याला हात लावायचा नाही, असा गावाचा रिवाज होता. त्याच तळ्यावर इतर हिंदू पाणी भरत, मुसलमान पाणी भरत, गुरेढोरेही पाणी पीत. हे वाक्य लिहिताना माझा हात जरा थांबतो. आपले पूर्वज त्या घाटावरून रोज हंडे भरून नेत होते आणि बाजूला तहानलेली माणसे उभी होती. ते कोणाच्या लक्षात आले असेल काय?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या दिवशी कायदा या माणसांच्या बाजूनेच होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला होता. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे कागदावर तळे उघडले होते. पण पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्य माणसाला तेथून ओंजळभर पाणी घेता आले नाही. हक्क मिळाला होता. तो वापरण्याची हिंमत, साधने आणि सोबत मात्र मिळायची होती.

‘हक्क’ हा शब्द मला तुम्हांला शिकवावा लागत नाही. उर्दूत तो हक़ आहे आणि त्याचे अनेकवचन हुक़ूक़. ज्याला तुम्ही इन्सानी हुक़ूक़ म्हणता, त्याला मराठीत मानवी हक्क म्हणतात. तुम्ही ज्याला चंदा म्हणता, ती मराठीतली वर्गणी. हे दोन शब्द आज आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

परिषदेची तयारी गावोगाव झाली. पुढाकार घेणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे नावाचे एक तरुण होते. ते दासगावचे. सावित्री नदीच्या खाडीवरचे हे बंदर महाडपासून पाच मैलांवर आहे. मोरे लहानपणी हुशार होते, पण महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना आत घेतले नाही. तेव्हा या मुलाने काय केले? त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. पत्र छापून आले आणि शाळेला दार उघडावे लागले. बसायला जागा मात्र इतर मुलांपासून दूर मिळाली. तुमच्याच वयाच्या आसपासचा हा मुलगा होता. पुढे याच मोऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडला आणण्यासाठी खटपट केली. त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे होते आणि सुरबानाना टिपणीस होते. हे दोघे अस्पृश्य नव्हते. अन्याय आपल्यावर होत नसतानाही ते त्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्याबद्दल त्यांना आपल्याच माणसांचे बोलणे खावे लागले असणार, हे सांगायला नको.

परिषदेला आलेले लोक गरीब होते. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खांद्यावर भाकऱ्या बांधून मैलोन् मैल चालत आले. १९ आणि २० मार्च असे दोन दिवस सभा चालली. शिक्षण, स्वच्छता, स्वाभिमान यांवर भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी सगळे लोक रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मागोमाग लोकही प्यायले. बस, एवढेच घडले.

थोड्याच वेळात गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. अफवा खोटी होती. पण लाठ्या घेऊन जमाव धावला. जेवायला बसलेल्या माणसांना मार बसला, अन्न मातीत मिसळले. पळणाऱ्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही. ते उलटून पडले असते, तर त्या दिवशी महाडला काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्यानंतर गावातील काही लोकांनी एकशे आठ घागरी पाणी काढून, मंत्र म्हणून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला.

म्हणजे सगळे पुन्हा होते तिथेच आले. माझ्या वर्गात हा भाग शिकवताना मुले नेहमी इथे निराश होतात. एका मुलाने तर विचारले, “मॅडम, मग ते पाणी प्यायचा फायदा काय झाला?”

फायदा लगेच दिसत नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. महाडला काय झाले, का झाले, आता काय करायचे, हे त्यात लिहून ते गावोगाव पोहोचवले. ज्याला वाचता येई तो वाची, बाकीचे ऐकत. लोकांना त्यांचा हक्क समजावून देण्याचे हे काम होते. आज याला मानवी हक्कांचे शिक्षण असे मोठे नाव आहे. याच्याही आधी, १९२४ मध्ये, मुंबईत ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली होती. तिने पुढे सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह काढले. आधी शिकायचे, मग उठायचे आणि एकजूट करायची, असा या माणसांचा क्रम होता.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली. या वेळी मंडपासाठी कोणी जागा देईना. धान्य बाहेरून आणावे लागले. अखेर एका माणसाने आपली जमीन दिली. त्यांचे नाव फत्तेखान. महाडच्या इतिहासात हे नाव एका ओळीत येते आणि निघून जाते. त्यांनी भाषण केल्याचे किंवा मोर्चा काढल्याचे मी कुठे वाचलेले नाही. त्यांच्याकडे एक मोकळी जागा होती, ती त्यांनी दिली.

मुंबईहून लोक ‘पद्मावती’ बोटीने निघाले. हरिहरेश्वरला आले, तिथून खाडीतून दासगावला उतरले आणि पुढे पायी महाडला गेले. आपल्या किनाऱ्यावरची ही जुनी वाट. आता बोटी बंद झाल्या, पण तुमच्या नानांना त्या आठवत असतील.

दासगावला त्यांना कळले की न्यायालयाने मनाई केली आहे. गावातील काही लोकांनी १२ डिसेंबरला दावा लावला होता, तळे खाजगी आहे असा. १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. आता काय करायचे? हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. २५ डिसेंबरला परिषद सुरू झाली. माणसामाणसांत भेद शिकवणारा ग्रंथ म्हणून ‘मनुस्मृती’ त्याच दिवशी जाळण्यात आली. पण तळ्याचे काय, यावर पुढे बराच खल झाला. शेवटी ठरले की न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही, खटला लढवायचा. लोक शांतपणे मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून आले. पाण्याला कोणी हात लावला नाही.

माझ्या मते मार्चमधल्या ओंजळीपेक्षा हा वळसा कठीण होता. पाणी समोर असून, हक्क आपला असून, माणसे परत फिरली.

खटला मग वर्षानुवर्षे चालला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ मध्ये लागला, तो बाबासाहेबांच्या बाजूने. समोरच्यांनी ठाण्याला अपील केले, तिथेही ते हरले. मग ते मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याचा रिवाज फार प्राचीन काळापासून चालत आला आहे, हे समोरच्यांना सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या ओंजळीला त्या दिवशी दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते. दहा वर्षे वकील, साक्षीदार, कागद, प्रवास! वर्गणीशिवाय यातले काय झाले असते?

पुढची गोष्ट तुम्ही नागरिकशास्त्रात शिकला आहात. भारताचे संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच डॉ. आंबेडकर. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही तेथून हटकता येत नाही. जगाच्या कायद्यात तळ्यांचा असा उल्लेख क्वचितच सापडेल. महाडची आठवण असलेल्या माणसालाच तो सुचावा. त्याआधी १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला होता. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी इंग्रजी शब्दरचना होती. ती बदलून ‘सर्व मानव’ करायला लावली ती भारताच्या हंसा मेहता यांनी. मुलींनी हे नाव वहीत लिहून ठेवावे.

आता आपल्या गावाकडे येऊ. गेल्या वर्षी हा धडा संपल्यावर नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, आपल्या नळावर पण असंच होतं.” मी म्हटले, “कुठे?” ती म्हणाली, “वाडीतल्या बाया सगळ्यांचे हंडे भरून होईपर्यंत लांब उभ्या राहतात.” आमच्या गावामागे कातकऱ्यांची वाडी आहे. त्या नळावर माझ्या घरचाही हंडा लागतो. इतकी वर्षे मी ते पाहत होते आणि मला ते दिसत नव्हते. मला फार लाज वाटली.

मुलांना लगेच मोर्चा काढायचा होता. मी म्हटले, आधी वाडीत जाऊन विचारा. मुले गेली. तिथल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, “नळाचं नंतर बघू. आधी आमचा हातपंप सुरू करून द्या. दोन वर्षं मोडलाय.” हे आम्हां कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. ज्यांचा हक्क आहे त्यांना न विचारता आम्ही त्यांच्यासाठी लढायला निघालो होतो!

मग अर्ज लिहिला. मजकूर मुलांनी मराठीत तयार केला. शुद्धलेखनाच्या चुका मी काढल्या. सही मात्र वाडीतल्या बायांची, काहींचे अंगठे. कार्यालयात जायला एस. टी.चे भाडे हवे होते, म्हणून वर्गात वर्गणी काढली. ज्याला जमेल त्याने द्यावी आणि कोणी किती दिली हे मोठ्याने वाचायचे नाही, एवढे नियम केले. ४५० रुपये जमले. चार बाया दोन वेळा तालुक्याला जाऊन आल्या. अर्ध्या तिकिटाचे ३२० रुपये झाले, कागद आणि झेरॉक्सचे ४६. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्यायचीच, हे त्यांना मुलांनी तीनतीनदा बजावले होते. पहिल्या अर्जाचे उत्तर आले नाही. दुसऱ्या वेळी पहिल्या पावतीचा क्रमांक दाखवल्यावर तिथल्या बाबूंनी फाइल शोधली. दीड महिन्याने मेकॅनिक आला आणि पंप सुरू झाला.

उरले ८४ रुपये. काही मुलांना त्याचे समोसे आणायचे होते. मी काही बोलले नाही. मॉनिटरच म्हणाला, “पैसे वाडीच्या नावाने मागितले होते.” तो आणि आणखी दोघे जण ते वाडीत देऊन आले. वर्गाच्या हिशेबाच्या वहीत शिल्लक रकमेसमोर मावशींचा अंगठा आहे.

नळावर पाळी कोणाची आधी, हे मात्र अजून ठरलेले नाही. मागच्या ग्रामसभेत एका मावशींनी उठून विचारले. थोडी कुजबुज झाली आणि वेळ संपला म्हणून विषय पुढे ढकलला. मुलांना ग्रामसभेत मत नसते, पण मावशींना आहे. पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे.