जड धनुष्य हवंय? जरा थांबा!

सिमेंटचं एक पोतं ५० किलो भरतं. आता कल्पना करा, दोन-तीन बोटांत दोरी अडकवून तेवढा भार तुम्हाला पार कानापर्यंत ओढायचा आहे. वर नेमही चुकवायचा नाही! जमेल? नाही ना? पण जमणारी माणसं होती. आणि ती काही भीमाच्या कुळातली नव्हती.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं ‘मेरी रोझ’ नावाचं लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथ बंदराजवळ बुडालं. तब्बल ४३७ वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी, त्याचा उरलेला सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. त्याआधीच पाणबुड्यांना तिथल्या चिखलात एक घबाड सापडलं होतं : ‘यू’ झाडाच्या लाकडाची दीडशेहून जास्त धनुष्यं आणि हजारो बाण. धनुष्यं कशी, तर सहा-साडेसहा फूट लांब आणि मनगटासारखी जाड. इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडात पूर्वीचा जोर कुठला राहायला? म्हणून तज्ज्ञांनी मापं घेतली, गणितं मांडली, तशीच नवी धनुष्यं बनवून ओढून पाहिली. उत्तर आलं, साधारण ४५ किलोपासून ८० किलोपर्यंत!

हे किलो कसले, तेही सांगतो. धनुष्याची दोरी पूर्ण ओढून धरायला जेवढा जोर लागतो, ती त्या धनुष्याची ‘ओढ’. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा आठवतोय? तो दोरीला अडकवून ओढला की आकडा दिसतो. धनुर्धर मात्र हा आकडा पौंडात सांगतात. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम.

मग ही माणसं एवढी जड धनुष्यं ओढायला शिकली कशी? याचं उत्तर ह्यू लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकाने देऊन ठेवलं आहे. १५४९ मध्ये तो राजा सहावा एडवर्ड याच्यासमोर प्रवचन करत होता. राजाचं वय तेव्हा अवघं ११ वर्षं! लॅटिमर शेतकऱ्याचा मुलगा. त्याने सांगितलं, की वडील आपल्याला वयाला आणि ताकदीला झेपेल असंच धनुष्य आणून देत. मुलगा वाढला, की त्याचं धनुष्यही मोठं होई. आणि नुसत्या दंडाच्या जोरावर ओढायचं नाही, सगळं अंग धनुष्यात घालायचं, हेही वडिलांनीच शिकवलं. तेव्हा कायदाच होता, की घरात ७ ते १७ वर्षांचा मुलगा असेल तर बापाने त्याला एक धनुष्य आणि दोन बाण द्यायचे. म्हणजे दहा वर्षांचा अभ्यासक्रमच म्हणा ना. परीक्षेविना!

आता आपल्याकडे या. मैदानावर नेहमी दिसणारं दृश्य. सातवीतला एक मुलगा २० पौंडांच्या धनुष्यावर छान नेम धरतोय. शेजारी दादा ३५ पौंडांचं ओढतो. त्याचा बाण कसा सूंऽ करत जातो! झालं, यालाही तेच हवं. हातात घेतो आणि काय होतं? डावा खांदा कानाला भिडतो, कंबर मागे वाकते, दंड थरथरतो आणि दोरी हनुवटीला लागायच्या आतच सुटते. बाण भलतीकडेच. (ही हौस मोठ्यांनाही आवरत नाही बरं का!) बाण चुकला, एवढ्यावर हे भागत नाही. रोज तसंच ओढत राहिलं की शरीर तीच वेडीवाकडी ढब पाठ करतं. मग हलकं धनुष्य परत हाती घेतलं तरी खांदा वरच चढतो.

आणि हाडांचं काय? ‘मेरी रोझ’वर सापडलेले सांगाडे अ‍ॅन स्टरलंड या अभ्यासक बाईंनी तपासले. खांद्याच्या टोकाचा हाडाचा तुकडा एरवी विशीच्या आसपास मुख्य हाडाला सांधला जातो. यातल्या बऱ्याच जणांचा तो सांधलाच नव्हता. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असं त्यांचं मत पडलं. म्हणजे एवढं बेतानं वाढवूनही खांद्याने किंमत मोजलीच! मग एकदम १५ पौंडांची उडी मारणाऱ्याचं काय होईल?

तर मग वाढवायचं कधी? एक साधी कसोटी आहे. दोरी हनुवटीपर्यंत ओढा, सावकाश पाच आकडे मोजा आणि बाण न सोडता हळूहळू परत न्या. हे करताना खांदा खाली राहिला पाहिजे आणि ताण पाठीवर, खांद्यांच्या दोन चपट्या हाडांच्या मधे जाणवला पाहिजे. सरावाच्या शेवटच्या बाणांनाही हेच जमत असेल, तर सरांना विचारा. वाढ चार-पाच पौंडांचीच. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीच फटकन सोडू नका. बाणाकडे जाणारा जोर धनुष्याच्याच अंगात शिरतो आणि ते मोडू शकतं.

जड धनुष्याला बाणही ताठ लागतो. सुटताना बाण मध्ये वाकतो, मग सरळ होतो. जुने लवचीक बाण नव्या जोराने जास्तच वाकतात आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण उजवीकडे जाऊ लागतात. पोरं म्हणतात, माझा नेम बिघडला!

आता गंमत ऐका. विकतच्या धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुधा २८ इंच ओढीचा असतो. तुमचे हात लहान, तुम्ही ओढता २४ इंच. प्रत्येक इंचामागे साधारण दोन पौंड कमी धरा. म्हणजे २५ पौंडांचं धनुष्य तुमच्या हातात जेमतेम १७ पौंडांचं! बांबूच्या घरगुती धनुष्यावर तर आकडाच नसतो. तेव्हा सरांच्या मदतीने ताणकाटा लावा, तुम्ही ओढता तिथपर्यंतच ओढा, आकडा वहीत लिहा आणि पुढे तारीख घाला. पुढच्या वर्षी याच दिवसांत पुन्हा मोजा. धनुष्य तेच असेल, पण हात दोन इंच वाढले असतील, तर वहीतला आकडा चार पौंडांनी वाढलेला दिसेल.