ऑर्काचं घराणं

डॉल्फिनचा खेळ पाहायचा तर हुबळी-धारवाडच्या माणसाला आज दुबई गाठावी लागते. खरं तर तो गोव्याच्या जरा पलीकडे, सिंधुदुर्गातच सुरू व्हायचा होता. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तिथे डॉल्फिन पार्कचा बेत आखला होता, आणि कोचीतही तशीच हालचाल चालू होती. त्याआधी १९९८ मध्ये चेन्नईजवळ असा प्रयोग होऊन गेला होता. परदेशातून आणलेले ते डॉल्फिन थोड्याच काळात मेले. मग १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढलं: करमणुकीसाठी कोणताही तिमिवर्गीय, म्हणजे डॉल्फिन-देवमाशांच्या गणातला प्राणी पकडून किंवा आयात करून ठेवायला परवानगी मिळणार नाही. सिंधुदुर्गचा बेत तिथेच बारगळला.

‘भारताने डॉल्फिनला माणसाचा दर्जा दिला’ असं त्यानंतर जगभर छापून आलं. ते खरं नाही. डॉल्फिनकडे ‘मानवेतर व्यक्ती’ म्हणून पाहावं, असं काही शास्त्रज्ञांचं मत परिपत्रकात नोंदवलं आहे, एवढंच. मात्र बंदी खरी आहे, आणि ती ऑर्कालाही लागू आहे. ‘किलर व्हेल’ म्हणून ओळखला जाणारा हा काळा-पांढरा प्राणी देवमासा नव्हे, डॉल्फिनच्याच कुळातला सर्वांत मोठा सदस्य आहे. अरबी समुद्रातही तो दिसतो, पण विरळा.

ऑर्काला कोंडण्याविरुद्ध नेहमी पहिला मुद्दा येतो तो जागेचा. तो बरोबरच आहे. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर पोहू शकणारा, सात-आठ मीटर लांबीचा नर टाकीत गोल गोल फिरत राहतो. पण जागेचाच प्रश्न असेल तर उद्या कोणी मोठी टाकी बांधील आणि वाद मिटला म्हणेल. माझ्या मते खरी हानी टाकीच्या मापात नाहीच.

ती कळायला आपल्या भागाच्या माणसाला उलट सोपं जावं. कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल, गदगचे भीमसेन जोशी ही किराणा घराण्याची परंपरा. स्वर कसा लावला यावरून जाणता श्रोता घराणं सांगतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात जॉन फोर्ड यांनी ऑर्कांचे आवाज असेच तपासले. तिथल्या प्रत्येक कळपाचे हाकांचे ठरावीक प्रकार असतात आणि पिल्लू ते आईजवळ राहून शिकतं. १९६४ साली व्हँकुव्हर मत्स्यालयाने पुतळ्यासाठी नमुना हवा म्हणून एक ऑर्का मारायला माणसं पाठवली होती. भाला लागूनही तो जगला, तेव्हा त्याला जिवंत आणून ठेवलं. ‘मोबी डॉल’ या नावाने तो गाजला आणि तीन महिन्यांच्या आत मेला. पुढे त्याच्या ध्वनिमुद्रणावरून फोर्ड यांनी त्याचा कळप ओळखला: ‘जे पॉड’.

ही तुलना एका जागी तुटते. मल्लिकार्जुन मन्सूर ग्वाल्हेरची तालीम घेऊन मग जयपूर-अत्रौलीकडे गेले, कारण गायकाला गुरू निवडता येतो. ऑर्काला आई हेच घराणं. ब्रिटिश कोलंबिया-वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरचे ‘निवासी’ ऑर्का, मुलगे आणि मुली दोन्ही, जन्मभर आईच्या कळपात राहतात. तीस वर्षांवरच्या नराची आई गेली, तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याचा धोका सुमारे चौदा पटींनी वाढतो, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. प्रजननाचं वय उलटून गेलेल्या म्हाताऱ्या माद्या, साल्मन मासा कमी असलेल्या वर्षी, कळपाच्या पुढे राहून वाट दाखवतात.

आता टोकिटेची गोष्ट. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या पेन कोव्ह खाडीत जाळी लावून पिल्लं आयांपासून वेगळी केली गेली, त्यांतली ती एक. मायामीच्या मत्स्यालयात तिचं नाव ‘लोलिता’ झालं. सोबतीचा ह्यूगो १९८० मध्ये मेला. त्यानंतर तिला दुसरा ऑर्का भेटला नाही. तरी ती आपल्या मूळ कळपाच्या, ‘एल पॉड’च्या हाका देत राहिली. तिला मूळ समुद्रात परत नेण्याची तयारी चालू असतानाच ऑगस्ट २०२३ मध्ये ती मेली.

टिलिकम या नर ऑर्काची कहाणी ‘ब्लॅकफिश’ माहितीपटामुळे अनेकांना ठाऊक आहे. १९८३ मध्ये आइसलँडजवळ दोन वर्षांचा असताना तो पकडला गेला. तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचं नाव जोडलं गेलं, शेवटचा मृत्यू २०१० मधला, प्रशिक्षक डॉन ब्रँशो यांचा. समुद्रातल्या ऑर्काने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. हा फरक त्याच्या स्वभावावर ढकलता येत नाही. २०१७ मध्ये एकोणतीस बंदिस्त ऑर्कांचे दात तपासले तेव्हा प्रत्येकाचे दात खराब निघाले. काँक्रीट आणि लोखंड चावून ते झिजतात, तुटतात.

टाक्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही एक खरं आहे. गर्भारपण सुमारे सतरा महिन्यांचं असतं, ऐकण्याची क्षमता किती, हे बरंचसं बंदिस्त ऑर्कांमुळे कळलं. मोबी डॉलला पाहूनच लोकांची भीती कमी झाली. पण ते ज्ञान आता हाती आहे. ते पुन्हा मिळवायला चेंडू उडवणारा ऑर्का लागत नाही. अमेरिकेतल्या ‘सीवर्ल्ड’ सागरी उद्यानांनी २०१६ मध्ये ऑर्कांचं प्रजनन थांबवलं, कॅनडाने २०१९ मध्ये त्यांना कोंडण्याविरुद्ध कायदाच केला. धंदा मात्र जागा बदलतो: रशियाच्या ओखोत्स्क समुद्रातून पकडलेले ऑर्का चीनच्या सागरी उद्यानांत पोचले.

आपणही या बाबतीत सोवळे नाही. कुरुंदवाडच्या दरबारातल्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, आणि रहिमतखाँसारख्या गवयाला सांभाळलं तेही त्यांनीच. सर्कशीतल्या वाघ-सिंहांवर बंदी येऊन सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरायला २००१ साल उजाडलं.

शिवाय टाकी नसली म्हणजे प्रश्न संपला असं नाही. सुट्टीत आपल्याकडची मंडळी कारवारला, गोव्याला डॉल्फिन पाहायला जातात. तिथले हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात असतात. एक पाठ वर आली की चार-पाच होड्या तिकडे धावतात. इंजिनाच्या आवाजात त्यांच्या शिट्ट्या बुडतात, चारा शोधणं खोळंबतं. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत’ ही तिथली बोली ऐकायला रास्त वाटते, पण होडीवाल्याला पाठलाग करायला लावते तीच. तेव्हा होडीत पाय ठेवण्यापूर्वीच सांगावं: लांबच थांबा, इंजिन बंद ठेवा, नाही दिसला तरी पैसे पुरते देऊ.