मस्तकावरील पुटी आणि गर्भाचे पहिले २८ दिवस

नवजात शिशूच्या मस्तकावर, बहुधा मागील बाजूस, एक मृदू पुटी दिसते. बाळ रडले की ती फुगते. एन्सेफॅलोसील या नावाची ही विकृती इतकी विरळ आहे की जालना जिल्ह्यातील एखाद्या वैद्यास ती आयुष्यात एकदाही दिसणार नाही. परंतु दिसली, तर ग्रंथी समजून लेप, बंधन वा वेधन करणे प्राणघातक ठरू शकते. कारण कवटीच्या छिद्रातून बाहेर आलेल्या त्या पुटीत मस्तिष्कजल, मस्तिष्कावरण आणि पुष्कळदा मेंदूचा अंशही असतो. अशी पुटी ओल्या निर्जंतुक गॉजने झाकावी, तिच्यावर भार पडू देऊ नये आणि बाळास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात धाडावे.

हीच विकृती नासामूलाशी वा नाकाच्या आत असली म्हणजे अधिक फसवी होते. एकच नाकपुडी सतत बंद, पाण्यासारखा स्वच्छ स्राव, वारंवार मेंदूज्वर, अशा बालकास नासार्श ठरवून नस्य किंवा क्षारकर्म करू नये. प्रथम एमआरआय व्हावा.

मेंदू व पाठीचा कणा ज्या नलिकेपासून घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. गर्भात प्रथम कोणता अवयव होतो, हा सुश्रुतसंहितेतील वाद आपणांस ठाऊक आहेच: शौनक शिर म्हणतात, कृतवीर्य हृदय, तर धन्वंतरींच्या मते सर्व अंगे एकाच वेळी संभवतात. निर्णय काहीही मानला तरी शिराची घडण स्त्रीला गर्भाची चाहूल लागण्याच्या सुमारासच होऊन जाते.

फॉलिक ॲसिडची कथा मुंबईतच सुरू झाली. १९२८ पासून लुसी विल्स या इंग्रज संशोधिकेने येथील गरीब गर्भिणींमधील, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांमधील पांडुरोग अभ्यासला; यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत, आधी असे अपत्य झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर नलिकादोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. एन्सेफॅलोसीलमध्ये हा लाभ तितका स्पष्ट नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र मस्तिष्कहीनता व स्पायना बायफिडा या अधिक आढळणाऱ्या विकृतींत तो निःसंशय आहे.

आता आपला जिल्हा पाहा. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा येथून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवविवाहिता कोयत्यावर जाते आणि गर्भिणी म्हणून तिची नोंद उशिरा होते. चौथ्या महिन्यापासूनच्या लोह-फॉलिक गोळ्या रक्तासाठी आवश्यकच, पण नलिका तोवर केव्हाच मिटलेली असते. ही स्त्री त्यापूर्वी आर्तवदुष्टी किंवा पांडूची तक्रार घेऊन आपल्याच दारी येते. सुश्रुताने गर्भाधानापूर्वी महिनाभराची तयारी सांगितली आहे. त्याच महिन्यात रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करून ते पहिले तीन महिने चालू ठेवण्यास आमच्या मते कोणत्याही शास्त्राभिमानाची आडकाठी नसावी. पूर्वीचे अपत्य सदोष असल्यास मात्रा मोठी लागते. ती स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवावी. मिरगीसाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रीस औषध परस्पर बंद करू न देता गर्भापूर्वीच तज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधालयाच्या चालकांना एकच विनंती: पुत्रप्राप्तीच्या नावाने येणाऱ्या पुड्या गल्ल्यावर ठेवू नका. त्या नेमक्या याच नाजूक आठवड्यांत घेतल्या जातात, आणि हरियाणातील अभ्यासांत अशा औषधांचा जन्मजात व्यंगांशी संबंध आढळला आहे.